दुपारी दोन वाजता आजी-आजोबा कुठे असतील?

ताई, आम्ही अटलांटात राहतो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सासू-सासरे सप्टेंबरपासून आमच्याकडे आहेत, फेब्रुवारीच्या मध्यावर आटपाडीला परत जातील. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलंय. पाच रात्री, आपल्याच गाडीने. नवऱ्याच्या मनात डिस्नेच्या आतलं, मोनोरेलवरचं हॉटेल आहे. सहा जण म्हणून दोन खोल्या, पाच रात्रींचे साडेआठ हजार डॉलर होतात. तो म्हणतो, आई-बाबांना घेऊन असं एकदाच होणार, पैशाकडे बघायचं नाही. मी पार्कपासून अर्ध्या तासावर, डॅव्हनपोर्टला चार बेडरूमचं घर बघून ठेवलंय. स्वयंपाकघर, स्विमिंग पूल, सगळं धरून सोळाशे. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार चालवत नाही. गुरुवारचा उपास असतो, आणि बाहेरचं खाणं त्यांना दोन दिवसांपलीकडे सोसत नाही. हॉटेलचा आकडा कानावर गेला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'नुसतं पाठ टेकायला एवढं?' तेव्हापासून हा विषय काढला की नवरा गप्प होतो. त्या हॉटेलात खरंच एवढं काय असतं?
– एक सून, अटलांटा

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. पाठ टेकायलाच एवढे पैसे मागतात. फक्त ती पाठ कधी टेकायची, हे आधी ठरवायला हवं. रात्री अकराला थकून आलेल्या माणसाला डॅव्हनपोर्टची गादी आणि मोनोरेलवरच्या हॉटेलची गादी सारखीच. पण दुपारी दोनला, गुडघा ठणकत असताना आणि चार वर्षांचं पोर रडून लाल झालेलं असताना, गादी चाळीस मिनिटांवर आहे की दीड तासावर, याने अख्ख्या दिवसाचं गणित बदलतं. जवळच्या हॉटेलात तुम्ही ही दुपार विकत घेता. बाकी सगळं शोभेचं.

हे मी अण्णांमुळे शिकले. २००६ च्या ऑगस्टमध्ये माझे वडील आमच्याकडे आले होते. वय ७१, मधुमेह, पण बघण्याची हौस दांडगी. आम्ही बाहेरच्या एका हॉटेलात उतरलो, कारण जाहिरातीत लिहिलं होतं, 'पार्कला मोफत शटल'. गाडी भाड्याने घेतली नाही. तिथे गेल्यावर कळलं की शटल सकाळी नऊला नेते आणि परत आणायला संध्याकाळी सहाला आणि रात्री नऊला येते. मधे काही नाही. मॅजिक किंगडममध्ये एक वाजेपर्यंत अण्णा उत्साहाने चालले, मग ऊन चढलं आणि त्यांनी सावलीतला एक बाक धरला. 'तुम्ही या फिरून, मी इथं बसतो.' सहा वाजेपर्यंत ते त्या बाकावर होते. आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ येऊन बसत होतो, पाणी देत होतो, आणि प्रत्येक वेळी ते म्हणत होते, मी मजेत आहे. त्या दिवसाचे फोटो अजून माझ्याकडे आहेत. दुपारनंतरच्या एकाही फोटोत अण्णा नाहीत.

म्हणून खर्चाची गोष्ट मी मुक्कामाच्या दरापासून सुरू करत नाही. आधी एकच विचारते: तुमच्यातलं जे सगळ्यात म्हातारं आणि जे सगळ्यात लहान, ती दोघं दुपारी दोन वाजता कुठे असतील?

आता तुमच्या नवऱ्याने निवडलेलं हॉटेल. डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही. जवळजवळ शंभर चौरस किलोमीटरची जागा आहे आणि तिच्यात एकमेकांपासून दूर असलेली चार पार्कं आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. १ ऑक्टोबर १९७१ ला पहिलं मॅजिक किंगडम उघडलं, तेव्हा त्याच्याबरोबर कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही उघडली. १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन आलं. मॅजिक किंगडमसमोरच्या तळ्याभोवती फिरणाऱ्या मोनोरेलवर आहेत ती ही तीन. कंटेम्पररीच्या तर इमारतीच्या पोटातूनच गाडी जाते, आणि तिथून मॅजिक किंगडमचं फाटक पायी दहा मिनिटांवर आहे. ही जवळीक खरी आहे आणि ती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

कारण मॅजिक किंगडमची रचनाच तशी आहे. बाहेरून गाडीने येणाऱ्याला फाटकापाशी गाडी लावताच येत नाही. तळ्याच्या अलीकडे मोठा वाहनतळ आहे. तिथे गाडी लावायची, ट्रॅमने किंवा चालत स्थानकापर्यंत यायचं, मग मोनोरेल किंवा फेरीबोट धरून तळं ओलांडायचं. घरापासूनचा अर्धा तास त्यात मिळवा. दारातून निघून फाटकाच्या आत पाऊल पडेपर्यंत सव्वा-दीड तास सहज जातो. दुपारी झोपायला परत जायचं तर तेवढाच वेळ जाताना आणि तेवढाच पुन्हा येताना. कोणी जात नाही. 'आता आलोच आहोत तर' म्हणत सगळे थांबतात, पोरं रडतात, म्हातारी माणसं बाक शोधतात.

मग नवऱ्याचं म्हणणं बरोबर की काय? एका दिवसापुरतं बरोबर. मोनोरेलवरच्या हॉटेलाची ही सगळी सोय मॅजिक किंगडमसाठी आहे. एपकॉटला जायचं तर मधे मोनोरेल बदलावी लागते, आणि हॉलिवूड स्टुडिओज व अ‍ॅनिमल किंगडमला डिस्नेची बस धरावी लागते. तीच बस स्वस्त हॉटेलातल्या पाहुण्यालाही मिळते. म्हणजे पाच रात्रींचे पैसे मोजून जवळीक मिळते एका पार्काची. साडेआठ हजार मोजावेत एवढं हे नाही, आणि मी तुम्हाला ते घ्या असं म्हणणार नाही.

घरात ही चर्चा सुरू असताना तुमचे सासरे मनातल्या मनात डॉलरचे रुपये करत असणार, याचाही विचार करा. सात लाखांच्या वर जाणारा आकडा डोक्यात घेऊन त्या खोलीत त्यांना झोप लागेल का? ज्या माणसांसाठी पैसे ओतायचे त्यांनाच ते बोचणार असतील, तर हौस कोणाची पुरी झाली? नवऱ्याला हे तुम्ही सांगू नका, त्याने स्वतः वडिलांशेजारी बसून विचारू दे: 'बाबा, तुम्हाला तिथे काय बघायचंय?' तो गप्प होतो तो पैशांपायी होत नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. आई-बाबा परत जाण्याचे दिवस जवळ आले की परदेशातल्या मुलाला काहीतरी मोठं करून दाखवायची घाई होते. त्या घाईला मान द्या. तिची वाट तेवढी बदला.

वाट अशी. मुक्काम दोन तुकड्यांत करा. तीन रात्री तुम्ही बघितलेलं डॅव्हनपोर्टचं घर आणि शेवटच्या दोन रात्री डिस्नेच्या आत. आणि आत म्हणजे मोनोरेलवर नाही, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन नावाच्या हॉटेलातला फॅमिली स्वीट. डिस्नेच्या हॉटेलांचे ढोबळ तीन दर्जे आहेत: व्हॅल्यू, मॉडरेट आणि डीलक्स. हे व्हॅल्यूतलं. स्वीटमध्ये सहा जणांना झोपता येतं, दोन बाथरूम आहेत, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. सकाळी सहा माणसांनी तयार व्हायचं असतं तेव्हा दुसऱ्या बाथरूमचं मोल मी वेगळं सांगायला नको. दोन डीलक्स खोल्यांपेक्षा भाडं बरंच खाली येतं आणि सगळे एका छपराखाली राहता. दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळाल्या नाहीत की सासूबाईंच्या पायाला रात्री तेल कोण चोळणार, हाही प्रश्न आहेच.

तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला स्कायलायनर जातो. २०१९ मध्ये सुरू झालेला हा रोपवे आहे. मधे एकदा पाळणा बदलावा लागतो, विजा चमकायला लागल्या की बंद ठेवतात, पण एरवी वाट फार बघावी लागत नाही. ज्याला चालत्या पाळण्यात चढता येत नाही त्याच्यासाठी पाळणा बाजूला घेऊन थांबवतात. तेथल्या माणसाला आधी सांगा, संकोच करू नका. मॅजिक किंगडमला बसने जावं लागेल, पण डिस्नेच्या हॉटेलांची बस तळ्याच्या अलीकडे सोडत नाही, थेट फाटकाजवळ आणून सोडते. वाट बघणं धरून चाळीस मिनिटं म्हणा. कंटेम्पररीच्या दहा मिनिटांपुढे ती जास्त वाटतील, दीड तासापुढे नाही. चाळीस मिनिटांत माणूस झोपायला परत जातो.

दोनच रात्री का, हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक जास्तीचे पैसे घालवतात. आतल्या पाहुण्यांना ज्या सवलती मिळतात त्या रात्रींवर मोजल्या जात नाहीत, दिवसांवर मोजल्या जातात. ज्या दिवशी पोचता तो दिवस पूर्ण आणि ज्या दिवशी खोली सोडता तोही पूर्ण. दोन रात्रींचे पैसे, तीन दिवसांच्या सवलती. सामान सकाळीच हॉटेलात ठेवून घेतात, खोली तीनच्या सुमाराला हातात येते. म्हणून पहिल्या दिवशी दुपारची झोप खोलीत मिळेल असं धरून चालू नका.

या सवलती तरी कोणत्या? एक म्हणजे रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी प्रवेश. ऐकायला गोड वाटतं. पण पार्क नऊला उघडत असेल तर त्यासाठी साडेआठच्याही आधी, सहाजणांनी, आंघोळी-नाश्ते उरकून, व्हीलचेअर आणि बाबागाडीसह फाटकाशी उभं राहावं लागतं. तुमच्या घरात हे एखाद्या दिवशी जमेल. रोज जमणार नसेल तर रोजचे पैसे त्यासाठी देऊ नका. दुसरी सवलत लाइटनिंग लेनची. वेगळे पैसे भरून पार्कातल्या पाळण्या-खेळांची मोठी रांग टाळायची सोय आहे ही, आणि तिच्या वेळा आतल्या पाहुण्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी धरता येतात, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. हे पैसे माणशी लागतात. म्हणून ज्यांना पाळण्यात बसायचंच नाही त्यांच्या नावाने ते भरू नका. सासूबाई बाहेर सावलीत बसून नातवाला हात हलवून दाखवणार असतील तर त्यांना कसली लेन?

वाहनतळाचा खर्च मात्र खरा वाचतो. बाहेरून येणाऱ्याला पार्कात गाडी लावायला दिवसाला ३०-३५ डॉलर पडतात, आतल्या पाहुण्याला काही नाही. विमानाने येणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते: विमानतळावरून फुकट नेणारी डिस्नेची बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. कोणी जुन्या माहितीवरून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

घराचा आकडाही एकदा तपासा. सोळाशेत साफसफाईचे पैसे आणि कर धरलेत का? डिस्नेची हॉटेलं ज्या जिल्ह्यात येतात त्या ऑरेंज काउंटीत खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के कर आहे, डॅव्हनपोर्टची काउंटी वेगळी, तिथला कर बुकिंग करताना दिसेल. पूल गरम करायचे पैसे पुष्कळ घरमालक वेगळे लावतात, आणि थंडीच्या दिवसांत गरम न केलेल्या पाण्यात पोरं उतरणार नाहीत. बाहेरच्या हॉटेलांत 'रिसॉर्ट फी' नावाचा रोजचा जास्तीचा भार असायचा, तो शेवटच्या पानावर समजायचा. मे २०२५ पासून अमेरिकेत अशा सक्तीच्या फिया धरून एकूण किंमत आधीच दाखवणं बंधनकारक झालंय, कर मात्र अजून नंतर मिळवला जाऊ शकतो. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा आणि मगच नवऱ्यापुढे ठेवा.

आता तारीख. नाताळचा आठवडा सोडा, ही माझी कळकळीची विनंती. वर्षातली सगळ्यात दाट गर्दी आणि सगळ्यात चढे दर त्याच आठवड्यात असतात. तिकिटाचे दरही तारखेनुसार बदलतात. त्या दिवसांत मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या घरात जातं. एवढं देऊन सासूबाईंची खुर्ची माणसांच्या भिंतीतून ढकलायची. आई-बाबा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहेत ना? मग जानेवारीचा शेवटचा आठवडा बघा. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची जोडून आलेली सुट्टी संपलेली असते आणि प्रेसिडेंट्स डेची गर्दी सुरू व्हायची असते. मुलांची चार दिवस शाळा बुडेल. दुसरीतल्या मुलीचे आणि प्री-केमधल्या मुलाचे चार दिवस आजोबांबरोबर गेले तर काही बिघडत नाही. हवाही गुडघ्याला मानवते: सकाळी स्वेटर, दुपारी कोवळं ऊन. पार्क लवकर बंद होतात आणि एखाद-दुसरा पाळणा दुरुस्तीला काढलेला असतो, एवढी तडजोड आहे. निव्वळ तारीख हलवूनही तुमचे बरेच पैसे वाचतील.

तिकिटांत आणखी एक बचत आहे, ती आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. सहाही जणांनी सगळ्या दिवसांची तिकिटं काढायची गरज नाही. मुलांची आणि तुमची चार दिवसांची काढा, आई-बाबांची दोन दिवसांची. एकत्र सहल म्हणजे दर मिनिटाला एकत्र असणं नाही. एक दिवस त्यांनी मुक्कामीच निवांत बसावं, दुपारी डब्यातलं घरचं खावं, आडवं व्हावं. संध्याकाळी पोरं धावत येऊन सांगतील काय काय बघितलं ते. हाही सहलीचाच दिवस आहे. मुलगा तीनच्या वरचा आहे म्हणून त्याचं तिकीट लागेल. तीन ते नऊ वयाचं थोडं कमी असतं, त्यामुळे मुलगीही अजून त्याच दरात बसते.

दिवस असे लावून बघा. शनिवारी गाडीने निघा, सात तासांचा रस्ता आणि मधले थांबे, संध्याकाळी घर. रविवारी सगळ्यांनी अ‍ॅनिमल किंगडम. तिथे वाहनतळ फाटकासमोरच आहे, तळं ओलांडायची भानगड नाही, म्हणून बाहेरून जायला हे पार्क सोपं. सोमवारी कुठेही जायचं नाही. पोरं पूलमध्ये, सासूबाईंच्या हातात परदेशातलं का होईना स्वयंपाकघर. त्या दिवशी पुढच्या तीन दिवसांचं खाणं करून ठेवा. डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली आणि दारू चालत नाही, सुटा बर्फ चालत नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चालते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक घरची म्हातारी माणसं चार-चार दिवस फ्रेंच फ्राइजवर काढतात. मंगळवारी सकाळी घर सोडा, सामान हॉटेलात टाका आणि तुम्ही चौघं एपकॉटला जा. आई-बाबांना यायचं असेल तर त्यांच्या दोनपैकी एक तिकीट इथे वापरायचं की बुधवारी, ते त्यांनाच ठरवू दे. माझं मत बुधवारी. बुधवार मॅजिक किंगडमचा. साडेबारा-एकला सगळे हॉटेलात परत, झोप, चहा, आणि पाचला पुन्हा पार्क. किल्ल्यावरची रोषणाई आणि आतषबाजी ही आजोबांनी खांद्यावर नातू घेऊन बघायची गोष्ट आहे, ती झोप झालेल्या आजोबांनाच जमते. गुरुवारी खोली सोडायची, पण सामान हॉटेल ठेवून घेतं आणि पूलही वापरता येतो. सासूबाईंची साबुदाण्याची खिचडी मायक्रोवेव्हमध्ये सकाळीच गरम करून डब्यात भरा. तुम्ही पोरांना घेऊन हॉलिवूड स्टुडिओजला दुपारपर्यंत जाऊन या, दोघं हॉटेलात निवांत बसतील. मग घरचा रस्ता. रात्री गाडी चालवायला दोघांनी अदलाबदल करा.

खुर्चीचं आत्ताच ठरवा. सासूबाई म्हणतील, मला नको, मी चालीन. त्या आटपाडीच्या बाजारात चालतील तेवढं चालतील, पण या पार्कांत दिवसाला आठ-दहा किलोमीटर होतात. पार्कात भाड्याने खुर्ची मिळते, पण ती फाटकाच्या आतच चालते, आणि दमायला होतं ते वाहनतळ ते फाटक या टप्प्यात. म्हणून अटलांटाहूनच घडीची व्हीलचेअर घेऊन जा. खुर्ची नातवाने ढकलली की आजीला अपमान वाटत नाही. खुर्ची असली म्हणून रांग टळत नाही, तसं कोणी सांगितलं तर ते चुकीचं आहे.

काही वाचकांसाठी उत्तर वेगळं असेल, तेही थोडक्यात सांगते. भारतातून थेट दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्यांनी, ज्यांना इथे गाडी चालवायची नाही त्यांनी आतच राहावं. बाहेर राहून शटलच्या भरवशावर काय होतं ते वर लिहिलंच आहे. तान्हं मूल घेऊन जाणाऱ्यांनीही आतच. आणि ज्यांची मुलं बारा-पंधराची आहेत आणि डिस्नेपेक्षा युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांत जायचंय, त्यांच्यासाठी ऑरलँडोत एक जागा अशी आहे जिथे महाग हॉटेल रोख हिशेबातही परवडू शकतं. युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येक पाहुण्याला जुन्या दोन पार्कांचा मोठी रांग टाळायचा अमर्याद एक्सप्रेस पास मिळतो, आल्या दिवशीही आणि निघायच्या दिवशीही. चौघांचे दोन दिवसांचे पास सुटे घेतले तर किती पडतात ते एका रात्रीच्या भाड्याशी ताडून बघा, पुष्कळदा हॉटेलच स्वस्त पडतं. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स पार्कात मात्र तो पास चालत नाही. तुमच्या चार वर्षांच्या मुलासाठी आणि सासूबाईंसाठी यात काही नाही, म्हणून तुम्ही तिकडे वळू नका.

कोणी तुम्हाला असंही सुचवेल की डिस्नेच्या टाइमशेअर सभासदांकडून, म्हणजे दरवर्षीच्या मुक्कामाचा हक्क आधीच विकत घेऊन ठेवलेल्यांकडून, त्या मुक्कामाचे पॉइंट भाड्याने घ्या, डीलक्स व्हिला पुष्कळ कमी पैशांत मिळतो, स्वयंपाकघरही असतं. खरं आहे. पण असं बुकिंग रद्द केलं तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. सत्तरीच्या माणसांना घेऊन निघताना आदल्या रात्री ताप आला तर थांबता आलं पाहिजे. आई-बाबा बरोबर असताना मी तरी हे करणार नाही.

राहिली नवऱ्याची हौस. मोनोरेलवरच्या हॉटेलात राहण्यासाठी पैसे लागतात, मोनोरेलमध्ये बसायला लागत नाहीत. मॅजिक किंगडमच्या फाटकापासून हॉटेलांची मोनोरेल धरून कंटेम्पररीच्या पोटातून जाता येतं, पॉलिनेशियनला उतरून तळ्याकाठी टेकता येतं. बुधवारी संध्याकाळी आत शिरण्यापूर्वी आई-बाबांना ही एक फेरी जरूर करवा.

आणि खरी मेजवानी रविवारी आहे. अ‍ॅनिमल किंगडमजवळ अ‍ॅनिमल किंगडम लॉज नावाचं डीलक्स हॉटेल आहे. त्याच्या मागे मोकळं गवताळ रान ठेवलंय आणि त्यात जिराफ, झेब्रे हिंडत असतात. तिथे राहायला तुम्हाला परवडणार नाही, पण तिथल्या किदानी व्हिलेज या भागात सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे जेवायला मुक्काम करावा लागत नाही. फक्त आधी टेबल धरावं लागतं. आफ्रिकेबरोबर आपल्याकडचे मसालेही स्वयंपाकात आहेत. नान आणि वेगवेगळ्या चटण्यांचं एक ताट मिळतं, ते सासूबाईंना सोसेल. खिडकीबाहेर रान. त्या रानात अंकोले जातीची गुरं आहेत, कमानीसारखी वर गेलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड शिंगं. माणदेशातल्या, खिल्लार बैलांच्या गावातल्या माणसाला तुम्ही त्या खिडकीशी बसवणार आहात. त्यांना तिथून लवकर उठवू नका, मुलांना तेवढा वेळ बाहेर कठड्यापाशी खेळू द्या.

टेबल साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच धरा. सहा जणांचं, खिडकीजवळचं मिळावं अशी विनंती लिहा, आणि वेळ दुपारची घ्या. जानेवारीत सहाच्या सुमाराला अंधारायला लागतं, मग गुरं दिसत नाहीत.